कमाल जमीन धारणा कायदा : कायदा गेला, स्वस्त घराचा प्रश्न राहिला

नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम, १९७६ हा शहरांतील मोकळ्या जमिनीच्या मालकीवर मर्यादा घालणारा कायदा महाराष्ट्रातून २९ नोव्हेंबर २००७ रोजी संपुष्टात आला. तो रद्द करण्याच्या केंद्रीय कायद्याचा स्वीकार करणारा ठराव राज्य विधिमंडळाने केला आणि त्या दिवसापासून एकतीस वर्षांच्या एका प्रयोगावर पडदा पडला. कायदा गेल्यामुळे अडकून पडलेली जमीन बाजारात येईल, घरांचा पुरवठा वाढेल आणि किमती उतरतील, असे समर्थकांचे म्हणणे होते. गरिबांसाठी जमीन मिळविण्याचे शासनाच्या हातातील एकमेव हत्यारच टाकून दिले जात आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते.

आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, असे दिसते. कायदा निरुपयोगी ठरला होता, यात शंका नाही. परंतु तो ज्या प्रश्नासाठी करण्यात आला होता, तो प्रश्न त्याच्याबरोबर रद्द झाला नाही. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबाला शहरात परवडेल असे घर बांधायचे, तर त्यासाठी जमीन कोठून आणि कोणत्या भावाने मिळवायची, हा तो प्रश्न. २००७ नंतरच्या गृहनिर्माणविषयक प्रत्येक सुधारणेच्या मुळाशी तोच आढळतो. म्हणून या कायद्याचा जन्म, व्यवहार आणि अंत समजून घेणे आजही उपयोगाचे आहे.

कायद्याचा जन्म

आणीबाणीच्या काळात, १ जुलै १९७५ रोजी, तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. शहरातील व शहरालगतच्या जमिनीचे सामाजिकीकरण आणि मोकळ्या जमिनीच्या धारणेवर मर्यादा हे त्यातील एक कलम होते. शेतजमिनीवर कमाल धारणेची मर्यादा राज्यांनी आधीच घातली होती. शहरी जमिनीला मात्र तसे बंधन नव्हते.

राज्यघटनेनुसार जमीन हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. संसदेला त्यावर कायदा करावयाचा, तर अनुच्छेद २५२ नुसार किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी तशी विनंती करणारे ठराव करावे लागतात. महाराष्ट्रासह अकरा राज्यांनी असे ठराव केले आणि १७ फेब्रुवारी १९७६ पासून हा कायदा अमलात आला. ज्या मार्गाने कायदा आला, त्याच मार्गाने तो जाणार होता. संसदेने तो रद्द केला तरी संबंधित राज्याच्या विधिमंडळाने ठराव करेपर्यंत त्या राज्यात तो कायम राहणार होता. महाराष्ट्रात केंद्राच्या निर्णयानंतरही आठ वर्षे हा कायदा टिकला, त्याचे कारण हे आहे.

कायद्यात काय होते?

शहरांची लोकसंख्येनुसार चार वर्गांत विभागणी करण्यात आली होती. मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई ही महानगरे 'अ' वर्गात होती. तेथे एका व्यक्तीला किंवा कुटुंबाला ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच गुंठे, मोकळी जमीन ठेवता येत असे. पुण्यासारख्या दहा लाखांवरील लोकसंख्येच्या 'ब' वर्गातील शहरांत ही मर्यादा १,००० चौरस मीटर होती. नागपूर, सोलापूर यांसारख्या 'क' वर्गातील शहरांत ती १,५०० आणि लहान शहरांच्या 'ड' वर्गात २,००० चौरस मीटर होती. पती, पत्नी आणि अविवाहित अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जात असे.

मर्यादेपेक्षा अधिक मोकळी जमीन असणाऱ्याने कलम ६ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे विवरणपत्र दाखल करावयाचे होते. छाननीनंतर अतिरिक्त क्षेत्र निश्चित होत असे. कलम १० (३) खालील अधिसूचनेने ते शासनाकडे निहित होई आणि कलम १० (५) खालील नोटिशीनंतर प्रत्यक्ष ताबा घेतला जाई. अशा जमिनीचा विनियोग सार्वजनिक हितासाठी, विशेषतः दुर्बल घटकांच्या घरांसाठी करावयाचा, असा कायद्याचा रोख होता.

कागदावर ही रचना सुटसुटीत होती. मूठभरांच्या हाती असलेली जमीन शासनाने घ्यावी, तिच्यावर सामान्यांची घरे उभी राहावीत आणि जमिनीची सट्टेबाजी थांबावी, हे तिचे उद्दिष्ट. मुंबईच्या उपनगरांत त्याला विशेष अर्थ होता. ब्रिटिश अमदानीत साष्टी बेटातील गावेच्या गावे काही घराण्यांना खोतीने वा इनामादाखल मिळाली होती आणि त्यातील मोठमोठे पट्टे त्यांच्या वारसांकडे व विश्वस्त संस्थांकडे शिल्लक होते. एकीकडे हे पट्टे आणि दुसरीकडे नाल्याकाठी, डोंगरउतारावर वसलेल्या झोपड्या, असे शहराचे चित्र होते. २००१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची निम्म्याहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत असल्याची नोंद झाली. कायदा लागू होऊन तोपर्यंत पाव शतक उलटले होते.

भरपाईचे गणित

कायदा फसण्याचे पहिले कारण त्याच्याच कलम ११ मध्ये होते. अतिरिक्त मोकळ्या जमिनीसाठी 'अ' आणि 'ब' वर्गातील शहरांत दर चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये, तर 'क' आणि 'ड' वर्गात ५ रुपये भरपाई ठरविण्यात आली होती. एका मालकाला मिळणारी एकूण रक्कम २ लाख रुपयांच्या वर जाणार नव्हती. त्यातही चतुर्थांश रक्कम किंवा २५ हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल तेवढीच रोख मिळणार होती. उरलेली रक्कम वीस वर्षांनी वटणाऱ्या, पाच टक्के व्याजाच्या रोख्यांत मिळणार होती.

याचा अर्थ सरळ होता. मुंबईत १० रुपये दराने २ लाखांची मर्यादा २० हजार चौरस मीटरला, म्हणजे सुमारे पाच एकरांना गाठली जाई. मालकाची त्याहून अधिक अतिरिक्त जमीन असली, तर वरच्या प्रत्येक एकराची भरपाई शून्य होती. जितका मोठा मालक, तितके जमीन शासनाला देण्यातील त्याचे नुकसान मोठे. पुढे जमिनीचे बाजारभाव अनेक पटींनी वाढले, कायद्यातील आकडे मात्र १९७६ चेच राहिले. अशा स्थितीत जमीन खुशीने कोण देणार? ज्यांच्याकडे वकील लावण्याची ऐपत होती, ते न्यायालयांत गेले. विवरणपत्रे, हरकती, अपिले आणि स्थगिती आदेश यांत वर्षे गेली.

कायद्याच्या वैधतेलाही आव्हान देण्यात आले. १९८० च्या अखेरीस भीमसिंहजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायदा बहुतांशी वैध ठरविला. मर्यादेत बसणाऱ्या बांधीव मिळकतींच्या हस्तांतरणावरील कलम २७ (१) चे बंधन मात्र त्याने रद्द केले. कायदा कायदेशीर कसोटीला उतरला. प्रशासकीय कसोटीला तो उतरला नाही.

देशपातळीवरील आकडे हेच सांगतात. केंद्राने कायदा रद्द करण्याचे ठरविले त्या सुमारास अतिरिक्त मोकळ्या जमिनीचा अंदाज सुमारे २ लाख २० हजार हेक्टर होता. प्रत्यक्ष ताब्यात आलेली जमीन सुमारे १९ हजार हेक्टर होती. म्हणजे दर शंभर हेक्टरमागे नऊ हेक्टरही शासनाच्या हाती लागले नव्हते. उरलेल्या जमिनीपैकी बरीचशी ना मालकाला विकसित करता येत होती, ना शासनाला.

कलम २० : अपवादाचाच नियम

दुसरे कारण अधिक गंभीर होते. कलम २० ने राज्य शासनाला सार्वजनिक हितासाठी, किंवा मालकावर अवाजवी संकट कोसळत असल्यास, जमिनीला कायद्यातून सूट देण्याचा अधिकार दिला होता. कलम २१ खाली मालकाने स्वतःच दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याची हमी दिल्यास जमीन अतिरिक्त ठरविली जात नसे. कागदावर दोन्ही तरतुदी वाजवी होत्या. कारखान्याला विस्तारासाठी जागा लागते आणि शासनाला स्वतः सगळी घरे बांधता येत नाहीत.

व्यवहारात मात्र सूट हाच कायद्याचा मुख्य भाग होऊन बसला. जमीन शासनाकडे येण्याऐवजी सुटीचे आदेश निघू लागले. घरबांधणीच्या योजनांत सदनिका ४० किंवा ८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या असू नयेत, काही टक्के सदनिका ठरलेल्या अल्प दराने शासनाने नेमून दिलेल्या व्यक्तींना द्याव्यात आणि बांधकाम मुदतीत पुरे करावे, अशा अटी घालण्यात येत. ४० चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. अटी पाळल्या गेल्या असत्या तर मध्यमवर्गीय व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना हजारो घरे मिळाली असती. परंतु त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणारी सक्षम यंत्रणा नव्हती. मुदतवाढी मिळत राहिल्या आणि शासनाच्या वाट्याच्या सदनिकांचे वाटप हाही वादाचा विषय झाला.

उद्योगांसाठी सूट मिळालेल्या जमिनींचे पुढे निराळेच झाले. ऐंशीच्या दशकानंतर मुंबई-ठाणे पट्ट्यातील कारखाने एकामागून एक बंद पडले. ज्या प्रयोजनासाठी सूट देण्यात आली होती ते प्रयोजनच उरले नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागांवर निवासी मनोरे उभे राहू लागले.

छोट्या सदनिकांची अट प्रत्यक्षात कशी विरघळते, याचे बहुचर्चित उदाहरण पवईचे आहे. पवई क्षेत्र विकास योजनेसाठी १९८६ मध्ये राज्य शासन, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालक-विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. नाममात्र दराने मिळालेल्या या जमिनीवर ४० आणि ८० चौरस मीटरच्या सदनिका बांधावयाच्या होत्या. प्रत्यक्षात तेथे आलिशान वसाहत उभी राहिली आणि सदनिका एकमेकींना जोडून मोठ्या केल्याचा आक्षेप जनहित याचिकांत घेण्यात आला. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधी कराराप्रमाणे छोट्या सदनिका बांधाव्यात, तोवर अन्य बांधकाम करू नये, असा आदेश दिला. करारानंतर हा आदेश येईपर्यंत पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती.

दिंडोशीचा दाखला

तथापि, हा कायदा कोठेच उपयोगी पडला नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. गोरेगाव पूर्वेकडील दिंडोशी येथील 'नागरी निवारा' वसाहत त्याची साक्ष आहे. समाजवादी नेत्या मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेची स्थापना केली. कमाल धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन कायद्यात लिहिल्याप्रमाणे सामान्य माणसाच्या घरासाठी द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला. शासनदरबारी आणि न्यायालयात दीर्घ लढा दिल्यानंतर साठ एकरांहून अधिक जमीन मिळाली आणि तिच्यावर सहा हजारांहून अधिक घरे सहकारी तत्त्वावर उभी राहिली. घरे लहान होती, परंतु ती पगारदार कामगार, कारकून, शिक्षक यांच्या आवाक्यातील होती.

या वसाहतीने एक गोष्ट सिद्ध केली. जमिनीची किंमत घराच्या हिशेबातून वजा झाली, तर मुंबईतही सामान्य माणसाला घर परवडते. बांधकामाचा खर्च शहरागणिक फारसा बदलत नाही, बदलतो तो जमिनीचा भाव. म्हणूनच स्वस्त घराचा प्रश्न हा मुळात स्वस्त जमिनीचा प्रश्न ठरतो. त्याच वेळी दुसरी गोष्टही स्पष्ट झाली. कायद्यातील तरतूद अमलात आणण्यासाठी नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागत असेल, तर तो कायदा सर्वसाधारण नागरिकाच्या उपयोगाचा राहत नाही. दिंडोशी हा अपवाद राहिला, पायंडा पडला नाही.

रद्द करण्याकडे वाटचाल

१९९१ नंतर आर्थिक उदारीकरणाच्या वातावरणात हा कायदा कालबाह्य ठरू लागला. जानेवारी १९९९ मध्ये केंद्राने अध्यादेश काढून तो रद्द केला आणि त्याच वर्षी संसदेने तसा अधिनियम संमत केला. कायद्याने अपेक्षित उद्दिष्ट साधले नाही, उलट जमिनीच्या किमती भडकल्या, गृहबांधणी ठप्प झाली आणि भ्रष्टाचाराला वाव मिळाला, अशी कबुली विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनातच होती. पंजाब आणि हरियाणाने तसे ठराव आधीच केले होते. गुजरात, कर्नाटक, उत्तर प्रदेश आदी राज्यांनी रद्दीकरण लवकर स्वीकारले. महाराष्ट्र मात्र थांबून राहिला. डावे पक्ष आणि निवारा हक्कासाठी काम करणाऱ्या संघटनांचा विरोध हे त्याचे एक कारण. सुटीच्या आदेशांतून निर्माण झालेले हितसंबंध हे दुसरे कारण असल्याची टीका त्या काळात होत असे.

हा तिढा केंद्राच्या निधीने सोडविला. ३ डिसेंबर २००५ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाचा प्रारंभ केला. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड ही राज्यातील शहरे त्यात होती. पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, वाहतूक आणि गरिबांची घरे यांसाठी केंद्राचे अनुदान मिळणार होते. त्यासाठी राज्यांनी सुधारणांच्या करारनाम्यावर स्वाक्षरी करणे आवश्यक होते. कमाल धारणा कायदा रद्द करणे ही त्यातील एक अट होती. विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखालील राज्य सरकारने अखेर २००७ च्या नोव्हेंबरात ठराव मांडला आणि तो संमत झाला.

बंधनकारक काय आणि ऐच्छिक काय?

या अभियानाच्या सुधारणांची यादी बारकाईने पाहिली, तर पुढे जे घडले त्याचे मूळ सापडते. यादीचे दोन भाग होते. कमाल धारणा कायदा रद्द करणे, भाडे नियंत्रण कायद्यात सुधारणा करणे, मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांपर्यंत खाली आणणे या गोष्टी बंधनकारक सुधारणांत होत्या. सार्वजनिक व खासगी अशा प्रत्येक गृहप्रकल्पातील २० ते २५ टक्के विकसित जमीन आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखून ठेवणे ही बाब ऐच्छिक सुधारणांत होती.

म्हणजे जुने बंधन काढून टाकणे सक्तीचे होते आणि त्याच्या जागी नवे बंधन घालणे ऐच्छिक होते. दोन्ही सुधारणा एकाच पुस्तिकेत होत्या, पण त्यांचे वजन सारखे नव्हते. जमिनीवरील मर्यादा उठविण्याबरोबरच प्रकल्पातील ठरावीक वाटा गरिबांसाठी ठेवण्याचा नियम त्याच दिवशी लागू झाला असता, तर रद्दीकरणाचा लाभ कोणाला, हा प्रश्नच उरला नसता. महाराष्ट्रात तसे झाले नाही. जुलै २००७ मध्ये राज्याचे गृहनिर्माण धोरण जाहीर झाले होते आणि त्यात परवडणाऱ्या घरांचा पुरस्कारही होता. परंतु खासगी प्रकल्पांवर सर्वसाधारणपणे लागू होणारे २० टक्क्यांचे बंधन येण्यास नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला. मधली सहा वर्षे ना मर्यादा होती, ना वाटा.

किमती उतरण्याची अपेक्षाही फोल ठरली. २००८-०९ च्या जागतिक मंदीत मुंबईच्या बाजारात काही काळ नरमाई आली, ती मंदीमुळे. मंदी ओसरताच भाव पुन्हा चढले. मुक्त झालेली जमीन लगेच विक्रीला काढण्याची सक्ती कोणावरही नव्हती, आणि ज्या जमिनीवर बांधकाम झाले तेथे अधिक नफ्याची मोठी घरे बांधण्याकडेच कल राहिला. पुरवठा वाढणे आणि परवडणाऱ्या घरांचा पुरवठा वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळाने दाखवून दिले.

रद्द झाल्यानंतरचे खटले

कायदा रद्द झाल्याने सारे काही मिटले, असेही झाले नाही. रद्दीकरण अधिनियमाच्या कलम ३ ने काही गोष्टी जिवंत ठेवल्या. शासनाकडे निहित होऊन जिचा ताबा घेतला गेला आहे, ती जमीन शासनाकडेच राहते. त्याचप्रमाणे कलम २० (१) खाली दिलेल्या सुटीच्या आदेशांची वैधता अबाधित राहते. यातून दोन प्रश्न न्यायालयांपुढे आले.

पहिला प्रश्न ताब्याचा. अनेक ठिकाणी जमीन कागदोपत्री शासनाच्या नावे झाली होती, पण मालक तिच्यावर प्रत्यक्ष वहिवाट करीत होता. उत्तर प्रदेशातील हरिराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा प्रश्न निकाली काढला. जमीन निहित होणे म्हणजे प्रत्यक्ष ताबा घेणे नव्हे. कायदा रद्द होईपर्यंत प्रत्यक्ष ताबा घेतला गेला नसेल, तर मालकाला रद्दीकरणाचा लाभ मिळतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अधिसूचना काढून स्वस्थ बसलेल्या प्रशासनाला हा धडा महागात पडला.

दुसरा प्रश्न कलम २० च्या अटींचा. कायदाच नाही, तर त्याखालील अटी कशा राहतील, असा विकासकांचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सप्टेंबर २०१४ मध्ये तो अमान्य केला. सुटीचा लाभ घेतला असेल तर अटीही बांधील राहतात आणि शासनाला त्या अमलात आणता येतात, असा त्या निर्णयाचा आशय आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तोडगा सुचविला आणि त्यानुसार २०१९ मध्ये राज्य शासनाने एकरकमी अधिमूल्य भरून या जमिनी अटींतून मुक्त करण्याचा मार्ग खुला केला. अधिमूल्याची आकारणी वार्षिक मूल्यदर तक्त्यातील किमतीवर, म्हणजे रेडी रेकनरवर, आधारलेली आहे.

या तोडग्याने हजारो सदनिकाधारकांची आणि रखडलेल्या प्रकल्पांची सोय झाली, हे खरेच. परंतु त्याचा दुसरा अर्थही आहे. मूळ अट घर बांधून देण्याची होती, तिच्या जागी आता पैसे आले. हे पैसे परवडणाऱ्या घरांसाठीच खर्च होतात की राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जातात, यावर तोडग्याचे सामाजिक मूल्य ठरते.

नवी हत्यारे

कमाल धारणेच्या जागी आज जी साधने आहेत, त्यांतील प्रमुख साधन सर्वसमावेशक गृहनिर्माणाचे. २०१३ च्या तरतुदीनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात २० टक्के भूखंड वा सदनिका दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवाव्या लागतात. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून वितरित होतात. कोकण, पुणे आणि नाशिक मंडळांच्या सोडतींत 'वीस टक्के योजना' म्हणून वाचकांना परिचित असलेली घरे ती हीच.

या तरतुदीचा गुण असा की, जमीन संपादन न करता आणि शासनाचा पैसा न गुंतविता, चांगल्या वस्तीत अल्प उत्पन्न गटाला घर मिळते. दोषही उघड आहे. ४,००० चौरस मीटरची रेषा आखली की भूखंड तिच्या खाली ठेवण्याचा मोह होतो. नाशिकमध्ये या योजनेतील घरे म्हाडाकडे न आल्याचा प्रश्न २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजला. कायदा बदलला, पण नियम आणि अंमलबजावणी यांतील जुनी फट कायम राहिली.

दुसरे साधन झोपडपट्टी पुनर्वसनाचे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत जमिनीचा प्रश्न चटईक्षेत्र निर्देशांकाने सोडविला जातो. झोपडीधारकांना विनामूल्य घर आणि विकासकाला विक्रीसाठी वाढीव बांधकाम, असे हे सूत्र आहे. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर गेले. मात्र जमिनीचा भाव जेथे चढा, तेथेच हे सूत्र चालते. शिवाय ते जुन्या झोपडीधारकाला घर देते. शहरात नव्याने संसार मांडणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबाला त्याचा उपयोग नाही.

तिसरे साधन केंद्राच्या अनुदानाचे. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात सर्वाधिक घरे मंजूर झाली, ती स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यांच्या घटकात. म्हणजे ज्याच्याकडे जमीन होती, त्यालाच योजनेचा लाभ सुलभ झाला. मोठ्या शहरातील भूमिहीन भाडेकरूला अनुदानाची रक्कम जमिनीच्या भावापुढे अपुरी पडते. २०२४ मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला, तेव्हाही हा मूळ प्रश्न समोर होताच.

घर घेणाऱ्याने काय पाहावे?

कमाल धारणा कायद्याच्या खुणा जमिनीच्या कागदपत्रांत अजूनही आढळतात. जुन्या इमारतीतील सदनिका घेताना किंवा गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाचा विचार करताना पुढील बाबी तपासणे हिताचे ठरते.

- सात-बारा उताऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात अथवा मिळकत पत्रिकेवर कलम २० वा २१ खालील आदेशाची, किंवा जमीन शासनाकडे निहित झाल्याची नोंद आहे काय, हे पाहावे.
- नोंद असल्यास मूळ सूट आदेशाची प्रत मिळवावी. सदनिकेचे कमाल क्षेत्रफळ, हस्तांतरणावरील निर्बंध आणि बांधकामाची मुदत या अटी त्यात असतात.
- अटींतून मुक्तता मिळाली असल्यास अधिमूल्य भरल्याची पावती आणि सक्षम प्राधिकाऱ्याचे पत्र पाहावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.
- जमीन अतिरिक्त ठरली होती, पण ताबा घेतला गेला नव्हता, असे सांगितले जात असेल, तर त्याविषयीचा आदेश मागावा आणि वकिलाचा अभिप्राय घ्यावा.
- नवा प्रकल्प असल्यास महारेराच्या संकेतस्थळावरील नोंदणीत मालकी हक्काचा अहवाल जोडलेला असतो. त्यात या कायद्याचा उल्लेख आहे काय, हे वाचावे.

प्रश्न तोच

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या गृहनिर्माण धोरणाला मंजुरी दिली. २००७ नंतरचे हे पहिलेच सर्वंकष धोरण. २०३० पर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे, हे त्यातील उद्दिष्ट आहे. त्यासाठी शासकीय जमिनींची एकत्रित नोंद करून जमिनीची पेढी उभारण्याची कल्पनाही धोरणात आहे.

१९७६ च्या कायद्यालाही शासनाच्या हाती अशीच जमिनीची पेढी हवी होती. ती खासगी मालकांकडून, जवळपास फुकट, सक्तीने घेण्याचा मार्ग त्याने धरला आणि तो फसला. नवा मार्ग शासनाच्या स्वतःच्या जमिनीपासून सुरू होतो, ही जमेची बाजू. परंतु जुन्या कायद्याचा पराभव त्याच्या हेतूमुळे झाला नव्हता. तो झाला अवास्तव भरपाईमुळे, मनमानी सुटीमुळे आणि अटी पाळल्या जातात की नाही हे न पाहणाऱ्या यंत्रणेमुळे. कोणत्या भूखंडावर किती घरे होणार, ती कोणाला मिळणार आणि अट मोडल्यास कारवाई कोण करणार, हे आधीच जाहीर झाले नाही, तर नव्या पेढीतील जमिनीलाही सुटीचे आणि मुदतवाढीचे आदेश लागण्यास वेळ लागणार नाही. घराच्या प्रतीक्षेत असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने धोरणाची कसोटी एकच आहे. जाहीर झालेल्या घरांच्या आकड्यापेक्षा त्यांच्यासाठी प्रत्यक्ष ताब्यात आलेली जमीन किती, हे त्याने विचारावे.